श्रावणातला लसूण

नीलम्माच्या घरात भर श्रावणात लसणाचा वास सुटला, आणि शोधायला जावं तर घरात लसणाची पाकळीसुद्धा नव्हती.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, ज्यांनी नीलम्माचा श्रावण पाहिला नाही त्यांनीच असं म्हणावं. आषाढ सरायच्या आत तिच्या घरातला कांदा-लसूण शेजारणीच्या टोपलीत जाऊन पडायचा, खलबत्ता चिंचेनं घासून उन्हात पालथा व्हायचा, आणि मग महिनाभर नवरा नुसता भज्याच्या गाड्याजवळून आला तरी बाईला उंबऱ्यातच कळायचं. नवरा उमाशंकर म्हणजे गरीब गाय. लातुरात वह्या-पुस्तकांचं दुकान होतं त्याचं. श्रावणात तो भज्याचा गाडा टाळून लांबच्या गल्लीनं घरी यायचा.

वास येत होता अक्षराच्या खोलीतून. म्हणजे चोर कोण हे शोधायची गरजच उरली नाही.

अक्षरा एकुलती एक लेक. डॉक्टरकीची नीट परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. डॉक्टर करायला लोक कुठून कुठून पोरं आणून लातुरात ठेवतात, आणि आपली पोरगी लातुरातच जन्मून कोरडी राहिली, हे नीलम्माच्या काळजात रुतून बसलं होतं. पोरीनं मात्र पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली, कॉम्प्युटरच्या कॉलेजात नाव घातलं आणि बापाला गोड बोलून काचेच्या डब्यातला एक भलामोठा कॉम्प्युटर खोलीत आणून बसवला. त्यावर ती गेम खेळायची. एकटी नाही, नांदेड-उदगीरच्या पोरींची टीम होती त्यांची. येत्या सोमवारी संध्याकाळी मोठी मॅच होती, आणि ती जिंकली तर टीम पुण्याला जाणार होती.

नेमकं त्याच दिवसांत कार्ड तापायला लागलं.

पडद्यावर चित्रं उमटवणारं एक कार्ड त्या कॉम्प्युटरच्या पोटात असतं. विटेएवढं, वर पंखे, आत पातळ पत्रे आणि तांब्याच्या नळ्या. ते थंड राहिलं तर खेळ चालणार. पण अक्षरानं गेम लावला की पंखे घुरघुरायला लागायचे, कोपऱ्यातला तापमानाचा आकडा नव्वदीच्या पुढं जायचा, आणि ऐन लढाईत पडदा काळा.

"अव्वा, कार्ड लई तापून राहिलंय गं," अक्षरा म्हणायची. माहेर निलंग्याकडचं, कानडी सीमेवरचं, म्हणून नीलम्मा स्वतःच्या आईला अव्वा म्हणायची, तेच पोरीनं उचललं होतं.

"तापू दे. जळू दे मेलं! तुझं डोस्कं दुखतंय ते बग आदी."

खरंच दुखत होतं. आषाढ सरता सरता पोरीचं डोकं धरायला लागलं, मग मळमळ, मग चक्कर. कॉलेजात गेली की बरी असायची, खोलीत येऊन बसली की दोन तासांत तोंड पांढरं. आता याचा अर्थ काय लावायचा? नीलम्मानं लावला. खोलीत आहे काय तर गेम. म्हणजे गेमनंच पोरगी आजारी पडली. झाला निकाल!

अक्षरा काही ऐकणाऱ्यातली नव्हती. तिनं एका सुट्टीच्या दुपारी डब्याची काच काढली, ब्रशनं धूळ झाडली, गेमची चित्रं साधी करून बघितली. दोन दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. मग तिनं गोलाईच्या बाजारात दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बुद्धप्रियाला घरी बोलावलं. बुद्धप्रिया जेमतेम तिशीची, बोलायला मोकळी. तिनं कार्ड खोललं नाही, बाहेरूनच फुंकणी मारली, वायरी हलवून बघितल्या आणि म्हणाली, "धूळच हाय दुसरं काय? समोर रस्ता खोदून ठेवलाय तुमच्या. खिडकी बंद ठेव, दाराच्या फटीत कापड घाल. आन् थंड हवा लाव."

झालं! उमाशंकरनं स्वतः खिडकीच्या फटी चिकटपट्टीनं बुजवल्या. दाराखाली जुन्या लुगड्याची वळकटी आली. आणि माळ्यावर झाकून ठेवलेला पाण्याचा कूलर खाली उतरला. भर श्रावणात, बाहेर झड लागलेली असताना कूलर लावणारं लातुरातलं हे एकमेव घर असेल. तो कूलर दिवसभर खोलीत ओली हवा फेकायचा, आणि भिंतींना घाम सुटायचा.

त्या खोलीत आणखी एक दार होतं, मागच्या भिंतीत. ते कोठीचं. वर्षाची ज्वारी आणि तूर तिथं पोत्यांत असायची. गावाकडची शेती बघणारा धाकटा दीर मन्मथ दरसाल आणून टाकायचा. कोठीच्या दाराखालीही बोटभर फट होती, पण तिकडून कुठली धूळ येणार, म्हणून ती कुणी बुजवली नाही.

गेल्या साली सोंडे किड्यांनी अर्धी तूर खाल्ली होती. पोतं उचललं तर खाली नुसता भुगा! नीलम्मा त्या दिवशी जेवली नव्हती. म्हणून यंदा मन्मथनं पोत्यांबरोबर धान्यात ठेवायच्या गोळ्यांचा डबा आणला.

"वैनी, फडक्यात बांधून पोत्यात खुपसायच्या. वरून प्लास्टिक झाकायचं आन् दार बंद. लई जालीम हाय बरं का, हात धूत जावा."

त्यानं न सांगताही तिला ते ठाऊक होतं. त्या गोळीचं नाव मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाही? परीक्षेत नापास झालेलं पोर ती गोळी गिळतं आणि दवाखान्याच्या पायरीपर्यंतसुद्धा पोचत नाही. मागच्याच गल्लीत भाड्यानं राहणारी, देवणीकडची एक नीटची पोरगी अशीच गेली होती, आणि तिच्या आईचा हंबरडा नीलम्मानं स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहून ऐकला होता. त्या दिवसापासून तिला एकच धाक. आपल्याही पोरीची परीक्षा दोनदा हुकलीये. वर हसती-खेळती दिसते, पण पोटात काय असेल कुणी बघितलंय? म्हणून डबा आला तसा तिनं कोठीतल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद केला आणि किल्ली कमरेला खोचली. झोपतानासुद्धा ती काढायची नाही. गोळी पोरीच्या हाताला लागू नये, तोंडात जाऊ नये, एवढं सांभाळलं की झालं, असं तिला वाटायचं. विष खाल्लं तरच मारतं, हा तिचा हिशोब.

पहिल्या खेपेला सोंडे मेले, पण पुन्हा झाले. मग तिनं आणखी पुरचुंड्या बांधल्या. श्रावण लागला, हवा दमट, किडा पुन्हा वळवळायला लागला. तेव्हा तिसऱ्या खेपेला तिनं हात आखडता घेतलाच नाही. तोंडाला पदर लावून भराभर पुरचुंड्या खुपसल्या, बाहेर आली, दार ओढून घेतलं. स्वतःचंही डोकं गरगरलं, पण सोमवारचा उपास होता, त्यामुळं असेल म्हणून तिनं पाणी पिऊन सोडून दिलं.

त्यानंतरच लसणाचा वास सुटला.

"काय खाल्लंस?" नीलम्मा दारात उभी.

"कायी नाही."

"वास येतोय मला! भायेरून काय मागवून खातीस? श्रावणात? ह्या घरात?"

"अव्वा, मला पाणी पचंना झालंय, मी लसूण कामून खाईन?" अक्षरानं गळ्यातलं इष्टलिंगाचं करडगं, म्हणजे लिंग ठेवायची ती चांदीची डबी, तळहातावर घेतली. "लिंग हातात घेऊन सांगते, न्हाई खाल्ला."

नीलम्मानं बघितलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. चांदी काळी ठिक्कर पडली होती! दिवाळीला उजळून आणलेली डबी, आणि तिच्यावर काजळी धरल्यासारखी.

"बग, बग ते! रोज लिंगपूजा करती म्हणून सांगतीस न्हवं मला? पूजा केली असतीस तर हात लागला असता, पुसली गेली असती. आन् वरून त्याचीच शप्पथ घेतीस! लाज वाटू दे जरा."

"रोज करते, अव्वा. रोज पुसते. तरी काळी पडते."

"म्हंजे चांदी खोटी, मी खोटी, आन् तू तेवढी खरी!"

अक्षरा रडली नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. नीलम्मानं रागारागानं खोली झाडायला घेतली, तर केरात पाल निघाली, मेलेली. कपाटामागं दुसरी. टेबलाखाली झुरळं उताणी पडलेली, आणि एरवी खरकट्यावर धावून येणाऱ्या मुंग्यांचा तर मागमूस नाही. दोन दोन पाली मेलेल्या! घरावर काहीतरी सावट आहे, एवढं तिला आतून उमगलं होतं. पण ते सावट तिला त्या काचेच्या डब्यातच दिसत होतं. तिनं केर उचलला, दारावर लिंबू-मिरची बांधली आणि दार नीट लावून घेतलं.

सोमवार उजाडला. घरी पाद्यपूजा होती, श्रीशैल स्वामी येणार होते. जंगम स्वामींचे पाय घरी धुवायचे म्हणजे केवढी धावपळ! आणि अक्षरा पहाटेपासून ओकत होती. आदल्या दिवशी कार्डानं कायमचा डोळा मिटला होता, पंखासुद्धा हलेना. पोरगी भिंत धरत धरत बैठकीत आली आणि दिवाणावर आडवी झाली. हातात ते कार्ड, टॉवेलात गुंडाळलेलं.

"अव्वा, एवढं बुद्धप्रियाताईकडं पोचव की. संध्याकाळी मॅच हाय. मला उभं राहवंना."

"आन् आजच्या दिवशी?"

"तू बेल-फुलं आणायला गोलाईला जाणारच हायस न्हवं? पाया पडते तुझ्या."

नीलम्मानं टॉवेलातल्या कार्डाकडं बघितलं. मग तिच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो तिला फार आवडला. ती म्हणाली, "जाते. आण इकडं."

निघताना तिनं दिवाणाकडं बघितलं. उशीवर ओकारीचा डाग पडला होता.

"ऊठ इथून. स्वामी येणार हायत. ह्या वासात पाय धुवू का त्यांचे? खोलीत जाऊन पड."

"इथं जरा बरं वाटतंय गं, अव्वा. खोलीत गेलं की श्वास अडकतो."

"नखरे नको करू. चल."

तिनं स्वतः दंडाला धरून पोरीला नेलं, पलंगावर निजवलं, अंगावर चादर घातली. कपाळावर हात ठेवून बघितला. ताप नव्हता, उलट गार होतं. "आल्यावर लिंबूपाणी देते," म्हणाली. लुगड्याची वळकटी पायानं दाराच्या फटीत सारली आणि निघाली.

तो विचार काय होता, तर हा. बुद्धप्रियाला सांगायचं, बाई गं, हे दुरुस्त करू नको. मेलं म्हणून सांग. कार्ड मेलं की गेम गेला, गेम गेला की पोरगी बरी. आई म्हणून एवढं खोटं तिला चालणार होतं.

बेल-फुलं घेऊन दुकानात पोचल्याबरोबर तिनं ते सांगूनही टाकलं. बुद्धप्रिया हसली.

"मावशी, अक्षराला कळलं तर माझं डोकं फोडंल ती. थांबा, उघडून तर बघू. तवा म्या बाहेरूनच बघितलं होतं."

तिनं बारीक पेचकसानं स्क्रू काढले, पंख्यांचं झाकण वेगळं केलं आणि हसता हसता थांबली. कार्ड दिव्याखाली धरलं, बोट फिरवलं. बोटाला काळं लागलं.

"अगं बया... हे काय झालं?"

"जळालं न्हवं?"

"जळालेलं असं नसतंय. जळालं की एका जागी जळतंय. हे बगा, ही नळी तांब्याची. एकसारखी काळी, सगळीकडनं. पंख्याच्या पिनासुद्धा खाल्ल्यात. म्हणून तर पंखा फिरंना आन् कार्ड तापत होतं. ह्याचा काय दोष न्हाई." ती कोड्यात पडल्यासारखी बघत राहिली. "असलं म्या एकदाच बघितलंय. अडतीच्या गोदामातला कॅमेऱ्याचा डबा आला होता दुरुस्तीला. आतलं सगळं तांबं असंच. कशानं, ते त्यांनाबी सांगता आलं न्हाई."

नीलम्मा त्या नळीकडं बघत होती. तांबं तिला कोणी शिकवायला नको होतं, जन्म गेला होता तिचा पूजेचा तांब्या चिंचेनं घासण्यात. तांबं उगाच काळं पडत नाही. आणि चांदीही उगाच पडत नाही. पोरगी खोटं बोलत असेल, पूजा चुकवत असेल, चोरून खात असेल. पण काचेच्या डब्यात बंद असलेल्या ह्या नळीनं कुठं श्रावण मोडला होता?

अडतीचं गोदाम. तिथंही धान्याची पोती.

मग तिला कोठीतला तो गोळ्यांचा डबा आठवला. पहिल्यांदा झाकण फिरवलं तेव्हा नाकात भपकन शिरलेला वास आठवला. त्या वेळी घरात कांदा-लसूण चालू होता, म्हणून तिनं तो मनावर घेतला नव्हता. लसणाचा! अगदी हाच!

"माय माझे!" ती ओरडली. बेल-फुलांची पिशवी तिथंच पडली.

अक्षराला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. उमाशंकरला लावला, तर तो स्वामींना आणायला गेलेला, गाडीवर होता, उचलेना. बुद्धप्रियानं काय झालं विचारलं, तर नीलम्मा "घरी, घरी" म्हणत तिचा हात ओढायला लागली. तिला काहीतरी भयंकर आहे एवढंच कळलं. तिनं शटर तसंच उघडं टाकलं, स्कूटी काढली आणि मावशीला मागं बसवलं. गोलाईला सोमवारची ही गर्दी, बेल-पत्रीवाल्या बायका, रिक्षा, हातगाडे. नीलम्मा मागं बसून मोठमोठ्यानं ओरडत होती, "सरका, ओ सरका! लेक हाय माझी!"

घरी स्वामी येऊन पाटावर बसले होते. उमाशंकर तांब्या-ताम्हण घेऊन उभा.

"अगं कुठं व्हतीस? पाणी..."

तिनं त्याला बाजूला लोटलं. खोलीचं दार ढकललं, तर वळकटीत अडकलं. तीच वळकटी, पायानं नीट सारलेली. तिनं खांद्यानं धडक मारली. दार उघडलं आणि लसणाचा भपकारा तोंडावर आला. कूलर घरघरत होता, ओली हवा फिरवत होता. अक्षरा पलंगावर नव्हती. दारापासून हातभर अंतरावर जमिनीवर पडली होती, तोंड दाराकडं, हात पुढं पसरलेला. तिला बाहेर यायचं होतं.

बुद्धप्रियानं खिडकीची काच फोडली. बापानं पोरीला उचललं. स्वामी धावत जाऊन रस्त्यात उभे राहिले आणि पहिली दिसली ती गाडी त्यांनी आडवी केली. पूजेचं ताम्हण कुणाच्या तरी पायानं उडालं आणि पाणी उंबऱ्यापर्यंत गेलं.

लातुरात दवाखान्यांना काय तोटा? पाच मिनिटांत अक्षरा आत होती, नाकातोंडावर मास्क. डॉक्टरीणबाई तरुण होती, अक्षराहून फार तर दहा वर्षांनी मोठी. तिनं नीलम्माला बाजूला घेतलं.

"काकू, धान्यातल्या त्या गोळ्यांना दमट हवा लागली की गॅस सुटतो, फटीतून शेजारच्या खोलीत येतो, आणि त्यावर उतारा नाही. छाती आणि हृदय, दोन्ही धरलंय. आम्ही सगळं करतोय. आजची रात्र आणि उद्याचा दिवस निघाला पाहिजे. त्रास कधीपासून होता?"

"आषाढापासून."

"मग आधी का नाही आणलंत? काही लक्षणं दिसली असतील की. डोकेदुखी, उलट्या, घरात लसणासारखा वास?"

नीलम्मानं मान हलवली. दिसली होती. एकूण एक दिसली होती. प्रत्येक लक्षणाला तिनं पोरीला बोल लावला होता. हे त्या बाईला कोणत्या तोंडानं सांगावं? 

संध्याकाळी तिला आत सोडलं. नर्सनं अक्षराच्या गळ्यातलं काढून तिच्या हातात दिलं. ते काळं पडलेलं करडगं. नीलम्मा ते मुठीत धरून खाटेशेजारी स्टुलावर बसली. कमरेची किल्ली टोचत होती. एवढं जपून ठेवलेली किल्ली!

अक्षराचे ओठ निळसर झाले होते. बऱ्याच वेळानं तिनं डोळे किलकिले केले, आईला ओळखलं आणि मास्कच्या आतून काहीतरी पुटपुटली. मॅचचं विचारत असेल, पाणी मागत असेल, म्हणून नीलम्मानं कान जवळ नेला.

"अव्वा... खरंच... मी लसूण खाल्ला नव्हता गं."

 नीलम्मानं पोरीचा गार हात दोन्ही हातांत घेतला.

"न्हाई खाल्लास, माय. तू न्हाई खाल्लास. म्याच चारला तुला."

पण तोपर्यंत अक्षराचे डोळे मिटले होते. तिनं ते ऐकलं की नाही, हे कळायला उद्याची वाट बघायची होती.